लोकेशन विचारलं म्हणून ग्रुपमधून काढलं!

या वेळच्या पत्रांत कुंड्या, कॅमेरे, ब्रश यांच्यापेक्षा अ‍ॅडमिन लोकांबद्दलच जास्त लिहिलंय. काढलेले चिडलेत आणि काढणारे थकलेत. तेव्हा बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज फक्त छंदांचे व्हॉट्सअॅप ग्रुप आणि त्यांचे नियम.

प्रश्न: ताई नमस्कार, मी ऐरोलीला राहतो, वय २६. कॅमेरा इएमआयवर घेतला आणि ठाणे-नवी मुंबईच्या एका पक्षीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला जॉइन झालो. पावसाळ्यात एका सरांनी तिबोटी खंड्याचा जबरदस्त फोटो टाकला, चोचीत पाल वगैरे. मी फक्त "लोकेशन प्लीज" एवढंच लिहिलं. लगेच मेसेज डिलीट, वर पर्सनलवर वॉर्निंग, आणि मी "का पण?" विचारलं तर सरळ रिमूव्ह. नंतर कळलं की त्यातल्याच सीनियर लोकांचा एक वेगळा छोटा ग्रुप आहे आणि तिथे लोकेशन पिनसकट फिरतं. मग हा नियम पक्ष्यांसाठी आहे की आमच्यासारख्यांना लांब ठेवायला?

उत्तर: सुरुवात पक्ष्यांसाठीच झाली असणार, आता मात्र दोन्ही कामं करतोय असं दिसतं.

आधी पक्ष्याची बाजू बघू, कारण ती खरी आहे. तिबोटी खंड्या आपल्याकडे पावसाच्या तोंडावर येतो, ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून त्यात अंडी घालतो, आणि पिल्लांना नर-मादी दोघं मिळून भरवतात. आता त्या बिळासमोर आठ-दहा ट्रायपॉड लागले की आईबाप तोंडात घास घेऊन लांबच्या फांदीवर बसून राहतात, आत यायला धजावत नाहीत, आणि आत पिल्लं उपाशी. फोटो मात्र सुंदर येतात, "चोचीत पाल धरून बराच वेळ बसला होता, छान पोझ दिली" असं कॅप्शन पण पडतं. हा पक्षी रायगडचा जिल्हा पक्षी आहे, तिथलं कर्नाळा अभयारण्य आपल्याला किती जवळ आहे तुम्हाला माहितीये, रविवारी पहाटे निघालं की उजाडेपर्यंत पोचतो माणूस. म्हणजे एक पिन टाकली की येत्या रविवारी काय होणार ते वेगळं सांगायला नको. येऊरच्या जंगलातल्या घुबडांचं तसंच, दिवसा झोपायची फांदी एकदा जगजाहीर झाली की कोण टाळ्या वाजवतं, कोण मोबाइलवर आवाज लावतं, आणि विणीच्या दिवसांत असा रेकॉर्डेड आवाज लावला की नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा घुसला, तो पिल्लं सोडून भांडायला धावतो.

आणि हे फक्त आपल्या ग्रुपचं खूळ नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचं ई-बर्ड २००२ पासून चालू आहे, जगभरचे लोक तिथे पक्ष्यांच्या नोंदी टाकतात, पण ज्या जातींना शिकारीचा, पकडण्याचा किंवा गर्दीचा धोका आहे त्यांच्या नेमक्या जागा तिथे सगळ्यांना दाखवत नाहीत. आय-नॅचरलिस्ट या निसर्गाच्या नोंदी टाकायच्या साइटवर धोक्यातल्या जातीची नोंद टाकली तर नकाशावरचा ठिपका आपोआप हलवला जातो, साधारण २० किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात कुठेतरी. म्हणजे ठाणे स्टेशनपासून वाशीच्याही पलीकडे जाईल एवढा चौकोन, शोधा आता!

पण यातली गंमत बघा, तिथे हा नियम यंत्र चालवतं आणि सगळ्यांना सारखाच लागू करतं. प्रोफेसर असो की तुमच्यासारखा नवा, अनोळखी माणसाचा ठिपका दोघांनाही हललेलाच दिसतो. तुमच्या ग्रुपमध्ये तो माणसं चालवतात, आणि माणसं मित्रांना सूट देतात. झाकायचं ते झाकलं तर त्याची किंमत वाढते हे पण खरं, त्यामुळे हळूहळू ग्रुपमध्ये प्रतिष्ठा कशाला मिळते, तर कोणाला किती जागा माहीत आहेत याला. पक्ष्याबद्दल किती माहिती आहे हे मागे पडतं. नियम केला होता बिळासमोरची गर्दी कमी करायला आणि त्यातून तयार झाली वतनदारी.

दुसरी गोष्ट म्हणजे "लोकेशन विचारू नका" हा नियम सरसकट लावला की त्याला काही अर्थ राहत नाही. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचं लोकेशन कसलं लपवताय? २०१५ मध्ये ते अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं, तुमच्या ऐरोलीतूनच वनखात्याच्या बोटी सुटतात. नेरूळच्या पाणथळ जागांबद्दल तर उलट जितकं बोललं जाईल तितकं चांगलं, तिथे बघणारे डोळे असले म्हणून तर भराव टाकताना कोणाच्या तरी लक्षात येतं. म्हणून मी ग्रुपवाल्यांना नेहमी सांगते की नियमात जातींची, जागांची नावं लिहा. घरटी, विणीतले पक्षी, घुबडांच्या झोपायच्या जागा, हे बंद. बाकी मोकळं. आणि ज्याने फोटो टाकला त्यानेच पहिल्या ओळीत लिहायचं की बाबांनो विणीतला पक्षी आहे, जागा सांगणार नाही. एवढं केलं की "लोकेशन प्लीज" म्हणणाऱ्याला डिलीट करायची वेळच येत नाही.

तुम्ही काय करायचं? त्या ग्रुपच्या दारात उभे राहू नका. हिवाळ्यात खाडीवर जा, विणीचा हंगाम नसलेले पक्षी बघा, ई-बर्डवर याद्या टाकायला लागा. रविवारच्या वॉकला येऊन ओळख झालेल्या माणसाला लोक स्वतःहून सांगतात, "चल, दाखवतो, पण लांबून". ते पिनपेक्षा बरंच बरं, कारण लांब म्हणजे किती लांब हे पिन सांगत नाही. आणि हो, "का पण?" विचारणाऱ्याला काढणं चूकच होतं, त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका.

प्रश्न: मी घोडबंदर रोडला राहते, आमच्या आसपासच्या कॉम्प्लेक्सेसचा मिळून टेरेस आणि बाल्कनी गार्डनचा ग्रुप आहे, मीच अ‍ॅडमिन. आधी शंभर एक लोक होते तेव्हा मजा यायची, बियांची देवाणघेवाण, कोणाच्या जास्वंदीला पिठ्या ढेकूण झाला की पाच जणी उपाय सांगणार. आता सातशेच्या वर गेलो. गुड मॉर्निंग, राजकारण, कोकोपीट (कुंडीत घालायचा नारळाच्या काथ्याचा भुसा) विकणारे, "मुंबईत सफरचंद लावा" वाले फॉरवर्ड. कंटाळून मी "फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात" केलं. शांतता झाली पण आता कोणी काही विचारतच नाही, ग्रुप मेल्यासारखा झालाय. परत ओपन करू का?

उत्तर: करा, पण तसाच नका करू.

ते बटण व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्ये दिलं आणि ते सोसायटीच्या नोटिशीसाठी फार छान आहे, आज पाणी नाही, उद्या लिफ्ट बंद, संपलं. छंदाच्या ग्रुपला ते लावलं की सातशे माळी जाऊन सातशे प्रेक्षक उरतात. पिवळ्या पानाचा फोटो टाकायला जो धीर लागतो ना तो समोर बाकीच्यांचे पण पिवळ्या पानांचे फोटो दिसले तरच येतो. तुम्ही एकट्या रोज सकाळी एक सुंदर टीप टाकत राहिलात तर लोक अंगठा दाखवतील आणि कुंडीला पाणी घालायला निघून जातील.

मुळात झालं काय ते बघा. शंभर लोक असताना तुम्ही एकही नियम लिहिला नव्हता तरी नियम होता, कारण नवीन बाई आली की तिला जे दिसायचं तेच ती करायची. बिया दिसल्या, तिने बिया दिल्या. आता नवीन माणूस आला की त्याला पहिल्याच दिवशी काय दिसतं, सतरा गुड मॉर्निंग आणि एक कोकोपीट. त्याने अठरावा गुड मॉर्निंग टाकला तर त्याचं काय चुकलं, ग्रुप यासाठीच आहे असं समजला बिचारा. आणि व्हॉट्सअ‍ॅपची अडचण ही की नियम डिस्क्रिप्शनमध्ये लिहिलेले असतात आणि डिस्क्रिप्शन उघडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

यावर एक प्रयोग झालेला आहे, तो मला फार आवडतो. जे. नेथन मटायस या संशोधकाने रेडिट या चर्चेच्या वेबसाइटवरच्या विज्ञानाच्या मोठ्या कम्युनिटीत २,१९० चर्चा घेतल्या, त्यातल्या काही, चिठ्ठी टाकावी तशा निवडून, त्यांच्यावर सगळ्यात वर नियम चिकटवून ठेवले आणि काहींवर नाही. निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आला. नियम समोर दिसले तिथे नवीन लोकांच्या नियम पाळण्यात ८ टक्के बिंदूंहून जास्त वाढ, हे एक वेळ समजू शकतो. पण नवीन लोकांचं भाग घेण्याचं प्रमाणसुद्धा सरासरी ७० टक्क्यांनी वाढलं! आपल्याला वाटतं नियम दाखवले की लोक बिचकतील. उलट झालं, इथे घाण चालत नाही हे कळल्यावर लोक बोलायला पुढे आले.

तर तुम्ही पिन मेसेज वापरा, ३० दिवसांपर्यंत वर राहतो, दर महिन्याला बदला. त्यात "गैरवर्तन खपवून घेतलं जाणार नाही" असलं कोतवाली भाषेतलं काही नको. असं लिहा: "नमस्कार, इथे आपण झाडांबद्दल बोलतो. प्रश्न विचारताना फोटो टाका, ऊन किती तास येतं आणि पाणी किती घालता ते सांगा. गुड मॉर्निंग आणि फॉरवर्ड आम्ही काढून टाकतो, राग मानू नये. विक्री फक्त शनिवारी." बघा, ऊन आणि पाणी विचारायचा नियम केला की अर्ध्या लोकांना प्रश्न लिहिता लिहिताच उत्तर सापडतं.

शनिवारचं मुद्दाम लिहिलं. विक्री पूर्ण बंद केली की विकणारे पर्सनलवर जातात आणि ते जास्त त्रासदायक. एक दिवस मोकळा दिला की त्या दिवशी खरंच बाजार भरतो, गांडूळखतवाल्या मावशी पण येतात, कोणी ग्रो बॅग शिवून विकतं, आणि उरलेले सहा दिवस कोणाला "आज शनिवार नाही" एवढंच म्हणावं लागतं. ते तुम्हीच म्हणायला पाहिजे असं पण नाही, दुसरं कोणीतरी म्हणतं, आणि तसं म्हणायला लागले की समजा ग्रुप आता तुमच्या एकटीच्या डोक्यावर नाही.

शिक्षेचं काय? एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी आयुष्यभर गावांची सामाईक कुरणं, कालव्याचं पाणी, मासेमारी कशी टिकते ते अभ्यासलं. जिथे टिकलं तिथे त्यांना दिसलं की नियम वापरणाऱ्यांनीच ठरवलेले असतात आणि शिक्षा पायरीपायरीने वाढते, पहिल्या चुकीला अगदी किरकोळ. ग्रुपमध्ये पहिल्यांदा मेसेज काढून पर्सनलवर एक गोड ओळ, दुसऱ्यांदा ग्रुपवर आठवण, तिसऱ्यांदा एक आठवडा बाहेर, आणि परत घ्यायचं. परत घ्यायचं हे महत्त्वाचं, आपल्याकडे एकदा काढलेला माणूस लिफ्टमध्ये भेटतो हो! सातशे लोकांना एक अ‍ॅडमिन हे पण काही खरं नाही, वेगवेगळ्या कॉम्प्लेक्सच्या आणखी तिघी-चौघी घ्या, त्यातली एक तरी अशी घ्या जी तुमच्याशी वाद घालते. (मैत्रिणीमैत्रिणी अ‍ॅडमिन झाल्या की वर ऐरोलीच्या मुलाने लिहिलंय तसा छोटा ग्रुप तयार व्हायला वेळ लागत नाही.)

सफरचंदवाला फॉरवर्ड मात्र काढू नका. त्याखाली "कोणी लावलंय का, फोटो दाखवा" लिहा आणि सोडून द्या.

प्रश्न: कळव्याला आमचा मत्स्यपालन म्हणजे अ‍ॅक्वेरियमवाल्यांचा ग्रुप आहे. मध्यंतरी एकाने "स्टार कासव पाहिजे का, पोपटाची पिल्लं पण आहेत" असा मेसेज टाकला. मी रात्री उशिरा बघितला. मित्र म्हणतो अ‍ॅडमिन म्हणून तुला पण आत टाकतील. खरंय का? झोप उडालीये.

उत्तर: झोपा आधी. मी वकील नाही, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट म्हटलंय की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा मिळून बेत असल्याचं दिसत नसेल तर, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून माणसाला जबाबदार धरता येत नाही. अ‍ॅडमिनच्या हातात माणसं घेणं आणि काढणं एवढंच असतं, मेसेज येण्याआधी तो काही तपासू शकत नाही, असा एकूण सूर. ते प्रकरण वेगळ्या प्रकारच्या मजकुराचं होतं हे लक्षात ठेवा, आणि त्यानंतर २०२२ मध्ये अ‍ॅडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय पण आली, त्यामुळे "माझ्या हातात काय होतं" हे वाक्य आता जरा कमजोर झालंय.

स्टार कासव आणि आपले देशी पोपट पाळणं, विकणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, इथे गंमत नाही. स्क्रीनशॉट घ्या, मग मेसेज काढा, मग माणूस काढा, याच क्रमाने, आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा. आणि ग्रुपवर का काढलं ते एका ओळीत लिहा. गपचूप काढलं तर बाकीच्यांना वाटतं त्याचं अ‍ॅडमिनशी वाजलं असेल, आणि ज्यांना कासव हवं होतं ते त्याचा नंबर सेव्ह करून मोकळे होतात. फिश टँकवाल्या ग्रुपची ओळख "इथे सगळं मिळतं" अशी झाली की चांगले, पाण्याचा पीएच तपासून सांगणारे लोक हळूच निघून जातात, उरतात ते दलाल.

प्रश्न: मी निवृत्त आहे, ठाण्यात नौपाड्यात राहतो. स्केचिंगच्या ग्रुपमध्ये आहे, मासुंदा तलाव, कचराळी, उपवन, कौपिनेश्वर मंदिर असं रविवारी बसून काढतो आणि ग्रुपवर टाकतो. नियम आहे की निगेटिव्ह कमेंट चालणार नाही. परिणाम असा की माझ्या भिकार चित्राला पण "अप्रतिम सर" आणि खरोखर चांगल्याला पण "अप्रतिम सर". दोन वर्षांत मला कोणी एक गोष्ट शिकवली नाही. मीच एकदा एका मुलीला तलावातलं प्रतिबिंब जरा गडद हवं होतं असं लिहिलं तर मलाच समज मिळाली.

उत्तर: काका, तुम्ही बरोबरच सांगितलं होतं, उजेडातल्या भिंतीचं प्रतिबिंब भिंतीपेक्षा किंचित गडदच दिसतं (आणि काळ्या बोटीचं किंचित फिकं, हे पण तिला सांगा).

नियम कशामुळे आला असेल याचा अंदाज करता येतो. कोणीतरी कधीतरी नवशिक्या पोरीच्या चित्राखाली "आधी पर्स्पेक्टिव्ह शिका" लिहिलं असणार आणि ती गेली असणार. नियम तिच्यासाठी होता आणि तो चांगल्या मनाने केलेला होता. पण त्याने बोलण्याचा सूर सुधारायच्या ऐवजी बोलणंच गेलं. ज्यांना खरंच येतं ते लोक फुकटची वाहवा करत बसत नाहीत, ते गप्प होतात, आणि मग ग्रुपमध्ये जास्तीत जास्त दिसतात ते रोज पाच जणांना अप्रतिम म्हणणारे, त्यांनाच परत अप्रतिम मिळतं. अशा ठिकाणी चित्र चांगलं होण्यापेक्षा रोज टाकणं फायद्याचं होऊन बसतं.

अ‍ॅडमिनना असं सुचवून बघा की निर्णय चित्र टाकणाऱ्यावर सोडा. "टिप हवी" असं लिहिलं तर टिप द्यायची, नाही लिहिलं तर फक्त बघायचं. आणि टिप देणाऱ्याला एकच अट, चित्रातल्या एखाद्या जागेवर बोट ठेवून बोलायचं, माणसावर नाही. "शिखराचा डावा उतार उजव्यापेक्षा जास्त खडा झालाय" चालेल, "घाई केली" नाही चालणार. सुरुवात तुमच्यापासून करा, निवृत्त माणसाने स्वतःहून "टिप हवी" लिहिलं की तरुणांना संकोच राहत नाही. भिकार शब्द मात्र स्वतःच्या चित्राला वापरू नका, तुमच्याच नियमात बसत नाही तो.

प्रश्न: खारघरला सायकलिंगचा ग्रुप आहे, मराठी मुलांनी सुरू केलेला. आता पाम बीच रोडला राइडला येणारे निम्मे लोक अमराठी. "फक्त मराठीत लिहा" नियम ठेवावा का यावर भांडणं चालू आहेत.

उत्तर: ग्रुप कशासाठी आहे ते ठरवा, मग नियम. पहाटे पाचला कुठे भेटायचं आणि कोणाकडे पंप आहे हे सगळ्यांना कळायलाच पाहिजे, ट्यूब पंक्चर झालेल्या माणसाला भाषेची अट घालू नये. पण गप्पा मराठीत चालू ठेवायच्या असतील तर इंग्रजी मेसेज काढत बसू नका, त्याला मराठीत उत्तर द्या, सोप्या मराठीत, आणि देवनागरीतच लिहा असा हट्ट नको, "kuthe aahes" असं इंग्रजी अक्षरांत लिहिणारा मराठी मुलगा पण आपलाच आहे. जे तामीळ, मल्याळी राइडर रोज ते वाचतील त्यातले काही आपोआप "चला, निघूया" म्हणायला लागतील. नवी मुंबईत वाढलेल्या निम्म्या लोकांनी मराठी अशीच तर उचलली आहे, शाळेच्या बसमध्ये आणि भाजीवालीकडे.